आणलेलं कुत्रं शिकतंय की नुसतं गप्प बसलंय?

पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत कौतुकच ऐकू येतं. "लई शहाणं आहे वो, भुंकत नाही, काही नाही. कोपऱ्यात गप्प पडून असतंय." तिसऱ्या आठवड्यात तेच कुत्रं पेपरवाल्याच्या सायकलीमागे धावतं, उंबऱ्याजवळच्या चपला कुरतडतं, ताटलीजवळ हात गेला की गुरगुरतं. घरचे म्हणतात, बिघडलं. वास्तविक आधी ते भीतीने थिजलेलं होतं आणि आता जरा धीर येऊन हातपाय पसरायला लागलंय. शिकवायला सुरुवात करायची ती आता. नेमकं याच वेळी बरेच जण साखळी नाहीतर काठी शोधायला लागतात.

रस्त्यावरून उचललेलं, कुणीतरी सोडून दिलेलं किंवा निवाऱ्यातून आणलेलं कुत्रं किती पुढे आलं हे "बस म्हटल्यावर बसतं का" यावरून ठरवू नये. तीन गोष्टी बघाव्यात: हातातला खाऊ घेतं का, अंग सैल सोडून झोपतं का, आणि दचकल्यावर किती वेळात सावरतं. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर पुढची पायरी, नसतील तर आहे तिथेच थांबायचं. खाली जे काही सांगितलंय ते या एका हिशेबावर चालतं.

आधी दवाखाना

दुखत असलेलं जनावर शिकत नाही. गळपट्ट्याला हात लावला की चावायला येणाऱ्या कुत्र्याचा कान आतून पिकलेला असू शकतो. कंबरेला जुना मार असेल तर "बस" हा शब्द त्याला नकोसाच वाटणार.

आपल्या बेळगाव भागात गोचीड ही मोठी डोकेदुखी. खानापूर, जांबोटीकडच्या झाडीतून किंवा उसाच्या बांधावरून फिरून आलेल्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा रोज चाचपून बघा. गोचिडाने ताप आलेलं कुत्रं मलूल होतं, खात नाही, हिरड्या फिकट दिसतात, आणि घरच्यांना मात्र ते "शांत" वाटतं. रक्त तपासून घ्या. म्हशीवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका, त्याने कुत्री दगावतात.

रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण ३ महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. मोठ्या कुत्र्याची आधीची लस माहीत नसेल तर ती झालेलीच नाही असं धरून चाला. पावसात साचलेल्या पाण्यातून, उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) संसर्ग होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे त्या लसीचंही विचारून घ्या. जंताचं औषध राहून जाऊ देऊ नका. कानाच्या टोकाला कापल्याची सरळ खाच असेल तर त्याची नसबंदी बहुधा झालेली आहे. परवान्याचा नियम आपल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारावा.

पहिले दिवस: कमी जागा, कमी माणसं

नव्या कुत्र्याच्या बाबतीत एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेलं, तीन आठवडे घराची वहिवाट समजून घेणारं, तीन महिन्यांनी घरचं. ठोकताळाच तो, काहींना वर्ष लागतं. पण पहिल्या आठवड्यात कुत्र्याला अख्खं घर, अख्खी गल्ली आणि सगळे पाहुणे एकदम दाखवायचे नाहीत, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

सोप्याचा एखादा कोपरा किंवा जिन्याखालची जागा द्या. पाठीला भिंत, खाली जुनी चादर, जवळ पाणी. समोरच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात जागा नको. गेटजवळ साखळीने बांधून ठेवलेलं कुत्रं दिवसभर फक्त भुंकायला शिकतं. पहिल्याच दिवशी आंघोळ घालायची आपल्याकडे फार हौस, अगदी माखलेलं नसेल तर ती पुढे ढकला. मोठं कुत्रं दिवसातले १२ ते १४ तास झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. झोप पुरी न झालेलं कुत्रं चिडकं होतं. त्या कोपऱ्यात ते असताना मुलांनी तिकडे जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

जवळ जाऊन लाड करू नका. तुम्ही खाली बसा, अंग जरा आडवं वळवा, डोळ्यांत रोखून बघू नका, खाऊ बाजूला टाका. ते आपणहून आलं तर छातीखाली किंवा मानेच्या बाजूला तीन-चार सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. पुन्हा डोकं हाताखाली आणलं तर हवंय. तोंड वळवलं, ओठ चाटले, विनाकारण जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर आजचं पुरे.

खाऊ हेच मोजमाप

शिकवताना वापरायचा खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवा. उकडलेलं चिकन सगळ्यांत चांगलं, मीठ, मसाला, कांदा न घालता. चिकोडी, अथणीकडच्या शाकाहारी घरांत पनीर, उकडलेलं रताळं, कुत्र्यांचे कोरडे दाणे यांवर काम भागतं. भाकरीचे तुकडे घरात चालतात, रस्त्यावर ट्रॅक्टर समोरून येत असताना भाकरीला कोण विचारतो? म्हणून दोन दर्जे ठेवा. घरातल्या शिकवणीला साधा खाऊ, बाहेरच्या अवघड प्रसंगाला चिकन. दिवसभरात जेवढा खाऊ दिला तेवढं जेवण कमी करा.

द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडं फुटून घशात, आतड्यात टोचतात. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, दिल्याने मरणार नाही, पण पोट बिघडेल. निपाणी भागात आणखी एक काळजी: तंबाखूचा चुरा, वखारीतली पोती, थुंकलेला चोथा यांपासून कुत्र्याला लांब ठेवा. निकोटिनने त्याला उलट्या, थरथर, झटके येतात आणि डॉक्टरकडे धावावं लागतं.

आता मोजमाप कसं वाचायचं ते. खाऊ नेहमीसारखा, सावकाश घेतला तर कुत्रं शिकण्याच्या स्थितीत आहे. बोटांसकट ओढून घेतला तर ताण चढलाय, भीतीच्या वस्तूपासून चार पावलं मागे या. आवडीचा तुकडा नाकापुढे असूनही तोंड फिरवलं तर तिथून निघा. त्या क्षणी हट्टाने "बस, बस" करून काहीही पदरात पडत नाही.

पहिले शब्द

आधी "शाब्बास" शिकवा. शब्द म्हणा, लगेच तुकडा द्या, एवढंच. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-दहा तुकडे. थोड्याच दिवसांत "शाब्बास" ऐकून मान वळली की समजा, जमलं. पुढे कुत्र्याने हवं ते केलं की त्याच सेकंदाला "शाब्बास" आणि मग खाऊ. दहा सेकंदांनी दिलेल्या खाऊचा अर्थ त्याला लागत नाही, तोवर ते दुसरंच काहीतरी करत असतं.

सीमाभागातल्या घरात आजी "बस" म्हणते, भांडी घासायला येणारी बाई कानडीतून बोलते, नातू इंग्रजी शाळेतला. कुत्र्याला कुठलीही भाषा चालते, मात्र एका कामाला घरात एकच शब्द हवा. पाच-सहा शब्द ठरवून फ्रिजवर कागद चिकटवा.

"बस" साठी तुकडा नाकाजवळ धरून हात हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप टेकतं. टेकलं की शाब्बास. कंबर दाबून बसवायचं नाही. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, जेवणाआधी, आणि कुत्र्याला कंटाळा येण्याच्या आत बंद.

"ये" या शब्दाला मात्र जपा. हा शब्द हाक मारून आंघोळीला, औषधाला, बांधायला किंवा रागवायला कधीही वापरू नका. सुरुवात घरात दोन पावलांवरून. नाव घ्या, मागे सरा, ये म्हणा, पायाशी आल्यावर एकामागून एक चार-पाच तुकडे. मग दुसऱ्या खोलीतून, मग परड्यातून, मग ५ ते १० मीटरच्या लांब दोरावर मोकळ्या जागेत. ते येणार नाही अशी शंका असेल तर हाक मारूच नका, जाऊन आणा. दहा हाकांना न आलेलं कुत्रं अकरावी हाक ऐकतच नाही.

शी-शू आणि पावसाळा

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर न्या. पिल्लू असेल तर दर दोन तासांनी. एकाच जागी शांत उभे राहा, काम झाल्याझाल्या तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिलेला खाऊ त्याला घरात येण्याचं बक्षीस वाटतो.

जून ते सप्टेंबरमध्ये ही शिस्त कोलमडते. कणकुंबीकडे तर पावसाला खळच नसतो, आणि बेळगाव शहरातही ओल्या गवतात पाय न टाकणारी कुत्री पुष्कळ. शेडमध्ये पत्र्याखाली एक रुंद तसराळं माती-गवत घालून ठेवा, त्यात त्याच्याच मुताने भिजलेला कागद टाका म्हणजे जागा वासाने कळते. छत्रीची सवय आधी घरात, मिटलेली, मग अर्धी उघडलेली अशी करून घ्या. घरात केलं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करू नये, आणि मग कॉटखाली जाऊन करतं. जागा साबणाने धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. ओल्या फिनेलवर त्याला फिरू देऊ नका, पाय चाटल्यावर ते पोटात जातं.

दोर, गल्ली आणि उसाचे ट्रॅक्टर

घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकाच तो घट्ट हवा, आणि छातीभोवतीचा हार्नेसही घाला. दोर दोन्हींना जोडा. गळपट्ट्यावर मोबाईल नंबर पहिल्या दिवसापासून. सुरुवातीचे दिवस परडं आणि घराभोवतीची चार पावलं पुरेत. लांब फेरी मारली म्हणजे कुत्रं धीट होतं हा गैरसमज आहे, बरीच कुत्री फेरीवरून जास्त भेदरून येतात.

गल्लीतली कुत्री नव्याला हद्दीत येऊ देत नाहीत. त्यांची वेळ ओळखा. मटणाचं दुकान उघडायच्या सुमाराला तिकडून जाऊ नका. पहाटे बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवाराच्या कडेने किंवा गावाबाहेरच्या पाणंदीने जाणं बरं.

आता सगळ्यांत जास्त वेळ खाणारं काम: भीती काढणं. चिकोडी, निपाणी, रायबाग पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून रात्रंदिवस जातात. टिळकवाडीत तीच गत रेल्वे गेटची, गाडीच्या भोंग्याची. पद्धत दोन्हीला एकच.

रस्त्यापासून इतकं लांब उभे राहा की कुत्रं ट्रॅक्टरकडे बघेल, कान टवकारेल, पण खाऊही घेईल. हे अंतर शंभर पावलं असू शकतं, शेताच्या पार पलीकडचा बांध असू शकतो. ट्रॅक्टर दिसला की चिकन सुरू. ट्रॅक्टर दिसेनासा झाला की चिकन बंद, पिशवी बंद, तुम्हीही गप्प. क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी ट्रॅक्टर, मग चिकन. उलटं केलं, म्हणजे आधी खाऊ दाखवून मग रस्त्याकडे ओढत नेलं, तर खाऊची पिशवी दिसली की कुत्रं घाबरायला लागेल. एका बैठकीला पाच-सहा ट्रॅक्टर पुरेत.

काही दिवसांनी एक बदल दिसतो. ट्रॅक्टर दिसताच कुत्रं त्याच्याकडे बघून लगेच तुमच्याकडे वळतं, "आता चिकन कुठे आहे?" अशा चेहऱ्याने. ही मान वळली की चार-पाच पावलं पुढे सरकायचं. पुढच्या जागी खाऊ नाकारला तर जुन्या जागी परत. अंतर कमी करणं आणि आवाज वाढवणं, दोन्ही एकाच दिवशी करायचं नाही. गाणी न लावलेला ट्रॅक्टर जवळून झाला, मग गाणीवाला लांबून.

ताण साठत जातो हेही ध्यानात ठेवा. सकाळी दवाखान्याची सुई, दुपारी पाहुणे, संध्याकाळी दोन कुत्र्यांशी झटापट, आणि रात्री पोराने पाय ओलांडल्यावर ते गुरगुरलं, तर ते गुरगुरणं सबंध दिवसाचं असतं. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस फेरी बंद. परड्यात गवतात खाऊ विखरून टाका, जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या. नाकाने हुंगत खाणं कुत्र्याला शांत करतं.

मुधोळ हाउंड, म्हणजे आपली कारवानी, आणलं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात. पिल्लू हौसेने नेतात आणि धावायला जागा नाही म्हणून पुढे सोडून देतात. हे कुत्रं नजरेने शिकार हेरून सुटतं, आणि ससा किंवा मांजर दिसल्यावर "ये" ऐकू येईल ही अपेक्षाच चुकीची. कुंपण नसलेल्या जागी ते कायम दोरावर असावं असं माझं मत आहे, कितीही शिकलेलं असलं तरी.

गुरगुरणं बंद पाडू नका

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. त्यावर फटका दिला तर सूचना बंद होते, भीती तशीच राहते, आणि मग "काही न सांगता चावलं" अशी तक्रार येते. गुरगुरलं की थांबा, मागे व्हा, कशामुळे झालं ते वहीत लिहा.

ताटलीवरून गुरगुरत असेल तर ताटली काढून घेऊन "मालक कोण" हे दाखवायचा प्रकार करू नका. जेवताना पाच-सहा पावलांवरून जा, ताटलीकडे चिकनचा तुकडा फेका, चालते व्हा. काही दिवसांनी तुमची चाहूल लागली की ते वर बघून शेपटी हलवतं, तेव्हा एक पाऊल जवळ. तोंडातली वस्तू ओढू नका, चांगला तुकडा देऊन अदलाबदल करा आणि शक्य असेल तर ती वस्तूही परत द्या. मुलांना या शिकवणीत घेऊ नका.

चावलंच, नुसता दात लागला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरचीपूड लावू नका. सगळे डोस पुरे करा.

एकटं राहणं

कुलूप लावून एकदम चार तास जाऊ नका. दाराबाहेर दोन सेकंद, परत. अर्धं मिनिट, परत. किल्ल्या वाजवून पुन्हा खुर्चीत बसा. केकाटायला लागायच्या आत परतायचं, वेळ हळूहळू वाढवायची. मोबाईल आतल्या खोलीत रेकॉर्डिंगला लावून गेलात तर खरं काय होतं ते कळतं. तोवर शेजारच्या काकूंना बसायला सांगा.

आवाजाचे दिवस

बेळगावचं कॅलेंडर कुत्र्यांच्या दृष्टीने कठीणच. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ, मग गणपती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी विसर्जन मिरवणूक, दिवाळी, १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, ३१ डिसेंबरच्या रात्री ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळताना फटाके. या दिवसांच्या तोंडावर नवं कुत्रं घरी आणू नका.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी महिनाभर आधी ढोल-फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावावं, वर सांगितलेल्या क्रमानेच: आधी आवाज, मग चिकन. त्या दिवशी फेरी उजेडात उरकायची, संध्याकाळनंतर दार-खिडक्या बंद, रस्त्यापासून लांबची खोली, पंखा चालू, टीव्ही चालू. कॉटखाली गेलं तर ओढून काढू नका. अंगाशी येऊन बसलं तर जवळ घ्या, कुरवाळा. त्याने भीती वाढत नाही. दरवर्षी फार हाल होत असतील तर डॉक्टर औषध देऊ शकतात, पण ते आठवडाभर आधी विचारायचं. माणसाची झोपेची गोळी मात्र कधीही नाही. सगळ्यांत जास्त कुत्री याच रात्री पळून हरवतात, म्हणून शूला नेतानाही दोन दोर.

वही

एक साधी वही ठेवा. तारीख, काय घडलं, किती पावलांवरून, खाऊ घेतला का, सावरायला किती वेळ लागला. रोजच्या रोज बघताना काहीच बदलत नाही असं वाटतं. मागची पानं उलटली की दिसतं: पूर्वी कुकरच्या शिट्टीनंतर अर्धा तास कॉटखाली असायचं, आता दोन मिनिटांत बाहेर येतं. "हात दे" शिकवण्यापेक्षा हे कितीतरी मोठं काम झालं.

दोन आठवडे वहीत काहीच हललं नाही तर एकच गोष्ट बदला. आधी अंतर वाढवून बघा. मग खाऊ बदला. तरीही नाही, तर पुन्हा डॉक्टर, कारण कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच. जमलेलं अचानक विसरलं आणि वय सहा महिने ते दीड वर्षाच्या मधलं असेल, तर ते वयाचं आहे. मागच्या दोन पायऱ्या नव्याने करा, लवकर भरून निघतं. वय झालेलं कुत्रं एका दिवसात बदललं तर मात्र थेट दवाखाना.

माणूस चावण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर शिकवणारा शोधा, आणि फोनवरच विचारा: तुम्ही खाऊने शिकवता की टोचणाऱ्या साखळीने? काठी, गळा आवळणारी साखळी, विजेचा पट्टा यांचं नाव निघालं तर दुसरीकडे बघा. "पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, शिकवून देतो" म्हणणाऱ्याकडेही नको, कारण तिथे शिकलेलं तुमच्या गल्लीत लागू पडत नाही. घरी येऊन तुमच्या हातून करून घेणारा असेल तर घ्या, आणि पहिल्या भेटीला वही पुढे ठेवा.